एक पॉइंट पस्तीस

भाऊ गेल्यावर अडीच महिन्यांनी त्याच्या स्टुडिओतून एक डिस्क घरी आली. सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून घरात त्याला भुंगा म्हणत. वडील भूमापक, जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली. त्या दिवसांच्या गोष्टी भुंग्याने वर्षभर, दर रविवारी समोर माइक ठेवून त्यांच्याकडून वदवून घेतल्या होत्या. त्यातला खोकला, अडखळणं कापून नीट जुळवायचं काम अर्धवट राहिलं होतं.

"हे फक्त त्याच्या लॅपटॉपमधल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडतं," डिस्क घेऊन आलेला स्टुडिओतला सहकारी म्हणाला. "नव्यात नाही चालत."

थोरलीने, त्याच्या मोठ्या बहिणीने, घरात पडून असलेला त्याचा लॅपटॉप लावला. फाइल उघडायला घेतली की गोल चक्र फिरत राही, पंखा घरघरे आणि सगळंच थिजून जाई. "रॅम वाढवायची आहे," असं भुंगा वर्षभर म्हणत होता. तिने कधी लक्ष दिलं नव्हतं.

आता मात्र दिलं. खरं तर हाताला काहीतरी काम मिळालं होतं. अडीच महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोक तिला खंबीर म्हणत. ती नुसती ऐकून घेई.

तिने सोळा जीबीची रॅम मागवली. घरी लॅपटॉप पालथा घालून नऊ स्क्रू काढले. आत दोन खाचे होते. एकात चार जीबीची पट्टी, दुसरा रिकामा. नवी पट्टी रिकाम्या खाच्याशी नेली आणि तिचा हात थांबला. पट्टीतली चीर आणि खाच्यातला उंचवटा एका जागी येत नव्हते.

"जरा जोर लावून बघ," वडील म्हणाले.

"जोर लावून बसवलेलं टिकत नाही, बाबा."

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळायचंच. तिने पट्टी परत पाकिटात घातली.

दुसऱ्या दिवशी कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. जिन्याखाली खोलीभर दुकान, भिंतीला चिकटून छोटे छोटे खण. दुरुस्तीवाला साठीचा; एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर.

"ही डीडीआर फोर आहे, ताई. तुमचा लॅपटॉप डीडीआर थ्रीवाला. आणि सोळाची एक पट्टी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ह्याचा बोर्ड एका खाच्यात आठपेक्षा जास्त ओळखतच नाही."

"मग आठ द्या."

त्याने खणातून एक पट्टी काढली. ती अलगद बसली, टक् आवाज झाला. थोरलीला बरं वाटल्यासारखं झालं. त्याने बटण दाबलं. तीन शिट्ट्या वाजल्या, पडदा काळाच.

"बसली की," ती म्हणाली.

"बसली, पण पटली नाही." त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढून लेबल वाचलं. "हिला दीड व्होल्ट लागतात. तुमचा बोर्ड देतो एक पॉइंट पस्तीस. 'थ्री'पुढे 'एल' लिहिलेली पाहिजे. चुकलंच माझं, आधी वाचायला हवं होतं."

त्याने खण उपसायला सुरुवात केली. उपसता उपसता विचारलं, "लॅपटॉप कोणाचा? मागच्या झाकणावर बारीक अक्षरात तारखा घातल्यात, पंखा कधी साफ केला त्याच्या."

"भावाचा."

"हौशी दिसतात. त्यांनाच घेऊन यायचं होतंत की."

"तो गेला," ती म्हणाली. स्क्रू किती निघाले ते सांगावं, तशा आवाजात.

दुरुस्तीवाल्याने सगळे खण पालथे घालून 'एल'वाली पट्टी शोधली, बसवली. लॅपटॉप सुरू झाला. बारा जीबी दिसायला लागले तरी त्याने तिला जाऊ दिलं नाही. तपासणीचा प्रोग्राम लावून दीड तास बसवून ठेवलं आणि पंखाही साफ करून दिला. झाकण लावण्याआधी पेन तिच्यापुढे धरलं.

"आजची तारीख तुम्ही घाला."

तिने घातली.

रविवारी दुपारी वडिलांना शेजारी बसवून तिने फाइल उघडली. चक्र थोडं फिरलं, मग पडद्यावर लांबच लांब हिरव्या पट्ट्या पसरल्या. तिने बटण दाबलं. खोलीत वडिलांचाच आवाज आला, "मग आम्ही साखळी टाकली..." आणि त्याला तोडत दुसरा आवाज, "थांबा, थांबा. साखळी म्हणजे केवढी ते सांगा ना बाबा. ऐकणाऱ्याला कसं कळायचं?"

"सहासष्ट फूट," वडील लॅपटॉपकडे बघत मोठ्याने म्हणाले.

थोरली मेमरीचा आकडा बघत होती. साठ टक्के. मशीन अडकत नव्हतं. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली, पण आलं नाही.

"बाबा, एक सांगू? मला काही वाटतच नाहीये. त्याचा आवाज ऐकूनसुद्धा."



"मलाही नाही गं," वडील म्हणाले. "कुणाला सांगायची लाज वाटत होती. म्हटलं, बाप असून हा असला कसा."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दाढी दोन दिवसांची होती, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. तिने ती काढून नीट लावून दिली. त्यांनी लहान मुलासारखी मान वर धरली.

"किती राहिलंय कापायचं?" त्यांनी विचारलं.

"अकरा तुकडे."

"तुला येईल?"

"येत नाही. शिकते."

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. तिने पहिला राहिलेला तुकडा उघडला आणि त्यांचा खोकला कुठे सुरू होतो ते शोधायला लागली.