अर्धी भरलेली बाटली

मी तपकिरी काचेची बाटली बोलतेय. या घरात आले ती फोटोग्राफरच्या बायकोचं खोकल्याचं औषध पोटात घेऊन. औषध संपलं, खोकला काही संपला नाही. पुढे ती गेली, आणि मला धुऊन डार्करूममध्ये नेलं.

तिच्या कॅमेऱ्यात एक रोल निघाला. आजारपणात तिने काय टिपलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, रोल धुवायची संधी एकदाच मिळते.

"एका डेव्हलपरने फोटोतला दाणा बारीक येतो, पण चेहरे मऊ पडतात. दुसऱ्याने कडा धारदार, पण दाणा जाड. दोन्ही मिसळून बघतो," फोटोग्राफरने मुलीला सांगितलं.

"आईला नसतं हो दाण्याचं काही वाटलं," ती म्हणाली. पण ऐकेल तो कसला.

कुंडीचे, खुर्चीचे, मांजराचे रोल काढून त्याने दहा मिश्रणं वाया घालवली. अकरावं जमलं. मांजराची मिशी न् मिशी मोजून घ्यावी. त्यातलं उरलेलं माझ्यात ओतलं, बूच घट्ट लावलं आणि चिठ्ठी चिकटवली, 'हिच्यासाठी'. मी अर्धीच भरले होते.

उद्या करू म्हणता म्हणता तीन महिने गेले. रोज मला उचलायचा, परत ठेवायचा. एकदा रोल धुतला की तिचं बघायचं राहिलेलं काहीच उरणार नव्हतं, म्हणून हात धजत नसावा. इकडे माझ्यातली हवा मिश्रणाचा जीव घेत होती. ते चहासारखं काळवंडलं, आणि माझ्या रंगामुळे त्याला दिसलं नाही. मला तोंड होतं, पण त्यावर बूच.

जुन्या मिश्रणात आधी फिल्मचा तुकडा टाकून बघायचा, काळा झाला तरच ते वापरायचं, हे त्यानेच कितीजणांना शिकवलेलं.

"तुकडा टाकून बघितलात?" शेवटी एके दिवशी त्याने माझं बूच काढलं तेव्हा मुलीने विचारलं.

"अगं, माझ्या हातचं आहे," म्हणत त्याने रोल त्यातच धुतला.

फिल्म कोरी निघाली. कडेला कारखान्याचे आकडे असतात, मिश्रण चांगलं असेल तर जुन्या रोलवरही ते उमटतात; तेही उमटले नव्हते. म्हणजे दोष रोलचा नव्हता. मुलीने ती कड बघितली, मग बापाकडे बघितलं.

"रोलच जुना होता, बाबा."

"हो. जुनाच होता."

तरी त्याने ती कोरी फिल्म चिमटे लावून नीट वाळत घातली.

आता मी खिडकीत पालथी पडून असते. मला फेकलं असतं तर बरं वाटलं असतं. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल, तर तिला काठोकाठ भरा, नाहीतर आजच रिकामी करा. माझ्यावरची चिठ्ठी त्याने अजून काढलेली नाही.