रस्त्याकडचं दार

आमच्या विधी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी फोटो काढून घेताना हाताची घडी घालतात आणि मागे पुस्तकांचं कपाट ठेवतात. मुख्य जिन्याच्या भिंतीवर असे एकेचाळीस जण लटकलेत. मी इथे सव्वीस वर्षं दस्त लिहायला शिकवते, त्यामुळे त्यातल्या निम्म्यांना मी ओळखते. मागच्या कपाटातलं एकही पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

दर वर्षी माजी विद्यार्थ्यांचा अंक निघतो. त्यात 'अभिमानाची पानं' नावाचं सदर असतं. आपली बातमी आपणच लिहून पाठवायची, पण जणू काही कुणी तिऱ्हाईताने लिहिली आहे अशा थाटात. सकाळी दात घासून झाले की माणूस बसतो आणि 'आपल्या अमोघ वक्तृत्वाने न्यायालय दणाणून सोडणारे' असं स्वतःबद्दल लिहून मोकळा होतो. मग ती बातमी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडते आणि टाळ्यांच्या चित्रांचा पूर येतो. वाचत कुणीच नाही. मागे एकाने वडील गेल्याचं गटावर कळवलं, तर तिघांनी लिहिलं, 'अभिनंदन, असाच पुढे जा.' वकील लोक आहेत हे. लोक यांच्या हातात आपली घरंदारं सोपवतात.

न वाचण्याच्या या रोगावर माझं एक जुनं औषध आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी सहा पानी भाडेकरार देते. वाचा आणि सही करा, एवढंच सांगते. चौथ्या पानाच्या मधोमध एक वाक्य असतं: 'भाडेकरू आपली सायकल आठ दिवसांसाठी शिक्षिकेच्या स्वाधीन करील.' ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांच्यासाठी घड्याळ, छत्री, काहीही. वर्गातली तीन-चार मुलं हात वर करून हसतात. बाकीची सही करतात आणि आठ दिवस पायी येतात.

एका वर्षी एक उंच, गुळगुळीत चेहऱ्याचा मुलगा सही करून वर माझ्याशी भांडायला आला होता.

"मॅडम, ही फसवणूक आहे."

"खाली सही कुणाची आहे?"

"माझी. पण मी वाचलंच नव्हतं ना!"

"हे तू कोर्टातही सांगणार आहेस का?"

आठ दिवसांनी मी त्याची सायकल चाकांत हवा भरून परत केली. पुढच्या वर्षी त्याने तशाच कागदावर पुन्हा सही केली आणि दोन आठवडे वर्ग झाडला. तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात 'सायकल' म्हणते. आज सायकलच्या हाताखाली अकरा वकील आहेत, आणि जिन्याच्या भिंतीवर त्याचा फोटो सगळ्यांत मोठा आहे.

आता त्या खोलीबद्दल. तळमजल्यावर अगदी टोकाला एक खोली आहे, तिला थेट रस्त्यावर उघडणारं दार आहे. आठवड्यातून तीन दुपारी मी आणि शेवटच्या वर्षाची मुलं तिथे बसून फुकट कायद्याचा सल्ला देतो. दोन टेबलं, सहा खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. खोलीत काही नाही, जे आहे ते त्या दारात आहे. मुख्य फाटकावर पहारेकरी असतो, नोंदवही असते, पितळी अक्षरं असतात. झिजलेल्या चपलांचा माणूस त्या फाटकापर्यंत येतो, अक्षरं बघतो आणि माघारी फिरतो. रस्त्याकडच्या दारातून मात्र तो आत येतो, कारण आत डोकावलं तर फक्त एक म्हातारी होत चाललेली बाई चष्मा पुसताना दिसते.

कोपऱ्यावरची इस्तरीवाली अशीच यायची. तिच्या हातांना गरम कापडाचा वास असे. एका मंगळवारी ती दारातूनच म्हणाली, "मॅडम, घरमालक कागद आणतोय म्हणे. सही कर म्हणतो. मला सहीपुरतंच येतं, तेवढं वाचणं माझ्याच्यानं होत नाही."

"माझ्याकडे आणल्याशिवाय सही करायची नाही. काय वाटेल ते झालं तरी."

"आणते की. दार असतं ना उघडं?"

"नेहमी," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. ते खुर्चीतून अर्धे उठले, तेव्हाच मी ओळखलं की माझं काहीतरी जाणार आहे.

"आनंदाची बातमी, मॅडम. आपल्या एका थोर माजी विद्यार्थ्याला मातृसंस्थेचं ऋण फेडायचंय."

थोर माजी विद्यार्थी म्हणजे सायकल. त्याला 'माजी विद्यार्थी कक्ष' बांधून द्यायचा होता. सोफे, कॉफीचं यंत्र, भिंतीवर आणखी फोटो. यशस्वी माणसांना एकमेकांना भेटून यशस्वी वाटावं म्हणून एक खोली. आणि त्याला हवी होती नेमकी माझीच खोली.

"इमारतीत चौदा खोल्या रिकाम्या पडल्यात," मी म्हणाले. "हीच का?"

"रस्त्यावरून पाटी दिसते ना," प्राचार्य निरागसपणे म्हणाले. "तुमचं सल्ला केंद्र आपण तिसऱ्या मजल्यावर हलवू. भांडारघराच्या शेजारी. ऐसपैस जागा आहे."

"तिथवर येणार कोण?"

"लिफ्ट आहे की!"

"आणि फाटकावरचा पहारेकरी?"

"तो आपलाच माणूस आहे, मॅडम."

या माणसाने तीस वर्षं कायदा शिकवलाय. पुढे ते म्हणाले, की देणगीचा करारनामा तुम्हीच लिहून टाका, तुमचा हात बसलाय. म्हणजे माझ्या खोलीचा मृत्युलेख मीच लिहायचा, तोही फुकटात. मी हो म्हणाले.

लिहिला. सहा पानं, सतरा कलमं. चौथ्या पानाच्या मधोमध कलम अकरा. ते असं: 'सदर कक्षाचे रस्त्याकडील दार आठवड्यातून तीन दुपारी मोफत कायदेविषयक सल्ल्यासाठी सर्वांना खुले राहील. दाता स्वतः दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत तेथे बसून सल्ला देईल. दाता सलग दोन गुरुवार गैरहजर राहिल्यास त्याच्या नावाची पाटी उतरवण्यात येईल.'

लपवाछपवी मुळीच केली नाही. अक्षर तेच, आकार तोच. वर सोबतच्या पत्रात लिहिलं: 'कलम अकरा कृपया मुद्दाम वाचावे.' मला वाटलं होतं, कुणीतरी वाचेल, बोंब मारेल, मग त्या निमित्ताने दाराचा विषय निघेल आणि मला भांडता येईल. एवढीच माझी अपेक्षा होती. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून पुरती ओळखत नव्हते.

करारनामा सायकलच्या कार्यालयात गेला, त्या अकरा वकिलांच्या टेबलांवरून फिरला. मग आमच्या व्यवस्थापन मंडळाकडे गेला. तिथे सात जण, सातही कायद्याचे पदवीधर. मग प्राचार्यांकडे. चार दिवसांत परत आला, प्रत्येक पानावर सही. कलम अकराच्या अगदी खाली सायकलची वळणदार सही होती, तिच्याखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. माझं पत्र टाचणीसकट जसंच्या तसं होतं. मला किळस आली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी कारागीर आले. रस्त्याकडच्या दारावर बाहेरून फळ्या ठोकल्या. तीन आठवडे काम चालणार होतं, म्हणून मी सल्ला केंद्राला सुट्टी देऊन टाकली. त्या तीन आठवड्यांत मी कितीतरी वर्षांत नव्हते इतकी खुशीत होते. भाजी चिरताना कलम अकरा म्हणायचे, आंघोळ करताना म्हणायचे. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर चष्म्यावरून बघायचं, सगळं ठरवलं होतं.

उद्घाटनाला सभागृह गच्च भरलं. पहिल्या दोन रांगांत अभिमानाची पानं बसली होती. सायकलचं मानपत्र वाचलं गेलं. ते त्यानेच लिहिलं होतं हे 'अमोघ' शब्दावरून कळत होतं. त्याने भाषणात सांगितलं, की या संस्थेने आपल्याला प्रत्येक शब्दाची किंमत शिकवली. मग प्राचार्यांनी मला करारनाम्यातल्या मुख्य अटी वाचायला बोलावलं. "औपचारिकता म्हणून," ते म्हणाले.

मी दहा कलमं भराभर वाचली. अकरावं सावकाश वाचलं.

सायकलचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी मंडळाकडे पाहिलं. मंडळाने छताकडे पाहिलं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. एवढा मोठा माणूस, आणि दर गुरुवारी स्वतः बसणार!

सायकल उठला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही माझी फार दिवसांची इच्छा होती."

कॉफीच्या यंत्राजवळ त्याने मला गाठलं. "मॅडम, हे काय केलंत?"

"पत्रात लिहिलं होतं."

"हे टिकणार नाही. मी आव्हान देऊ शकतो."

"दे की. काय सांगशील? वाचलं नव्हतं म्हणून?"

तो कप तिथेच ठेवून पाहुण्यांकडे वळला. त्या क्षणासाठी मी सव्वीस वर्षं शिकवत होते, असं मला वाटलं.

पहिल्या गुरुवारी तो तीनच्या ठोक्याला आला. सोबत छायाचित्रकार होता. सोफ्यावर बसून, हाताची घडी घालून त्याने चार फोटो काढून घेतले आणि छायाचित्रकाराला घालवलं. रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं. दारावर नवा रंग होता आणि वर हातभर लांबीची पाटी. मी कोपऱ्यात बसून मजा बघत होते.

साडेतीनला इस्तरीवाली आली. सोफ्यावर बसेना. उभ्यानेच तिने पदराला हात पुसून घडी घातलेला कागद पुढे केला.

सायकलने पहिलं पान पाहिलं, मधली तीन सोडून शेवटचं उघडलं. "सही तुमचीच?"

"हो, साहेब."

"यात तुम्ही लिहून दिलंय, की महिनाअखेर खोली रिकामी करणार. स्वखुशीने."

"असं कसं? तो म्हणाला, भाडं वाढवणार नाही एवढंच लिहिलंय. दुकान, राहणं, सगळं त्या एकाच खोलीत आहे माझं." तिने बोटांवर मोजलं. "महिनाअखेर म्हणजे नऊ दिवस राहिले."

सायकल माझ्याकडे बघून हसला, अशिलाच्या डोक्यावरून दुसऱ्या वकिलाकडे बघून हसतात तसा. "बघितलंत, मॅडम? न वाचता सह्या करतात आणि मग आपल्याकडे येतात." मग तिच्याकडे वळून चढ्या आवाजात, "अहो बाई, सही करण्याआधी कुणाकडून वाचून घ्यायचं, एवढंही कळत नाही?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. तीन आठवडे धार लावून ठेवल्यासारखं. पण तीच आधी बोलली.

"वाचून घ्यायलाच आले होते, साहेब. दोनदा आले. दाराला फळ्या ठोकल्या होत्या." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, नेहमी उघडं असतं."

सायकलचं हसू गेलं. त्याने कागद मांडीवर सरळ केला, चष्मा लावला आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याला असं ओळीवर बोट ठेवून वाचताना मी कधीच पाहिलं नव्हतं. पण माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

काम चालू असताना लोकांनी कुठून यायचं, यासाठी एक कलम लागतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ते सुचावं. निदान फळ्यांवर एक चिठ्ठी चिकटवता आली असती: फाटकातून या, मॅडमना विचारा. माझ्या करारनाम्यात सतरा कलमं होती आणि त्यात हे नव्हतं. ती सगळी मी लिहिली होती. कितीतरी वेळा वाचली होती. त्यातली अकरा तर भर सभागृहात, चष्म्यावरून बघत, मोठ्याने वाचून दाखवली होती.