माझी चाल जरा तिरकी

मित्रांनो, मी सुतारकामाच्या शेडमधली जुनी पट्टाकरवत. खाली एक चाक, वर एक चाक आणि त्यांच्यावरून गरगर फिरणारं दातेरी पातं, एवढाच माझा संसार. दातांना घाबरू नका. मध्ये बोट घातलं नाहीत, तर आपली मैत्री पक्की!

ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथून मला इथे आणलं बाबांनी. ते नावाजलेले सुतार. त्यांनी ओंडका लावायचा आणि मी त्याच्या एकसारख्या फळ्या पाडायच्या. "ही आहे म्हणून मी आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी आपली फुशारून जाई.

बाबा गेले आणि माझे दिवस फिरले. त्यांच्या मुलाने, म्हणजे दादाने, फळी चिरायला घेतली की ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ निघे. "म्हातारी वाकडी कापते," असा त्याने शिक्काच मारला. नाचता येईना, अंगण वाकडं! मग माझ्यावर त्याचा सदरा लटकू लागला, चहाचे कप विसावू लागले. फार वाईट वाटायचं हो.

एके दिवशी दादाची धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली. ती शिवणकाम करते आणि जिभेनेही टाके घालते. तिचे दिवस भरत आले होते. ती जन्मली तेव्हा बाबांनी लावलेलं झाड मागे वादळात पडलं होतं. त्याचा एकच धड ओंडका शेडमध्ये सुकत होता.

"दादा, याचा पाळणा कर."

"इतका आखूड ओंडका लाकूड चिरणारे गिरणीवाले घेत नाहीत गं. आणि या म्हातारीवर घातला, तर वाट लागेल. लाकूड मोजकंच आहे, एक फळी बिघडली की पाळणा विसर. त्यापेक्षा तयार फळ्या आणतो."

"आण की, आणि त्या पाळण्यात तूच झोप! माझं बाळ बाबांच्या झाडातच झोपणार."

तिच्यापुढे दादाचं काय चालतंय! त्याने सदरा काढला, मला पुसलं, तेल दिलं. रुंद, मोठ्या दातांचं नवं पातं चढवून ताणलं. लाकूड ज्या पट्टीला टेकून पुढे सरकतं, ती पट्टी गुण्या लावून काटकोनात बसवली. आधी एक टाकाऊ फळी चिरून पाहिली. पुन्हा वाकडी! त्याने पातं आणखी ताणलं, फळी जोराने रेटली. मी तर किंचाळलेच.

"अरे, ढकलतोस काय तिला?" बहीण म्हणाली. "माझं मशीनही कापड जरा डावीकडे ओढतं. मी त्याच्याशी भांडत नाही, त्याच्या कलाने घेते. हिचा कल कुठे आहे, ते पाहिलंस का कधी?"

दादाने पट्टी काढली. टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारली आणि नुसत्या हाताने, रेघेवरून चिरत गेला. रेघ सुटू नये म्हणून फळी थोडी तिरकी धरावी लागली. अर्ध्यावर मला थांबवून त्याने फळीच्या कडेने माझ्या टेबलावर पेन्सिल ओढली आणि पट्टी त्याच रेघेवर बसवली. गुण्या म्हणत होता तिरकी, मी म्हणत होते अगदी सरळ!

मग ओंडका लोळू नये म्हणून सपाट फळीला स्क्रूने जखडला. आधी एक बाजू सपाट केली, मग ती पट्टीला टेकवली. मी जीव ओतला. पहिली फळी सुटली. त्याने ती या टोकाला मोजली, त्या टोकाला मोजली, पुन्हा मोजली आणि मटकन खाली बसला.

"काय झालं? बिघडली?"

"नाही गं. एकसारखी आहे." त्याने फळीवरून हात फिरवला. "बाबांची पट्टी अशीच तिरकी असायची. मला वाटलं, त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. ते गेल्यावर मीच ती सरळ केली."

बहीण रडता रडता हसली. "शहाणाच आहेस!" म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकू लागली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर तेल द्या, काम संपलं की ताणलेलं पातं सैल करा. आणि कोणी वाकडं चालतंय असं वाटलं, तर ढकलण्याआधी त्याची चाल समजून घ्या.

पाळणा झाला बरं का! शेडपलीकडच्या खोलीत असतो. माझी घरघर ऐकत बाळ गाढ झोपतं, मी थांबले की भोकाड पसरतं. "चालू कर रे!" अशी आतून बहिणीची हाक येते आणि दादा हातातला चहा टाकून माझ्याकडे धावतो.