लाल मोटारीचा खांदा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी बोल लावायला नको. चौदा सालच्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या, तिथे एका गोऱ्या सार्जंटशीही मी भांडलो होतो. परत आलो तेव्हा घरचे म्हणाले, मायाप्पा, आता मेंढरं राख. मी म्हटलं, मेंढरं माझं ऐकत नाहीत, मोटार ऐकते. आणि सोलापुरात शुक्रवार पेठेत बडे बागायतदार आबासाहेब यांच्या दारी ड्रायव्हर म्हणून जाऊन उभा राहिलो.

सव्वीस साली आबासाहेबांनी मुंबईहून नवी मोटार आणली. स्पोर्ट मॉडेल. लालभडक, पुढे दोन माणसं आणि मागच्या डिकीतल्या उघड्या बैठकीवर अंग चोरून तिसरा. भोंगा असा, की तो ऐकला की पेठेतले म्हातारे ओट्यावरून उठून आत जायचे. त्या मोटारीवर माझा जीव होता. गिअर टाकण्यात माझा हात धरणारा सोलापुरात कुणी नव्हता, निदान मला तरी तसं वाटायचं. दुसऱ्यातून तिसऱ्यात मी असा फटक्यात जायचो, की शेजारच्याने टोपी हातानं धरून ठेवावी.

दारात आणखी एक गाडीवान होता, कोंडीबा. तीस वर्षं आबासाहेबांची दमणी हाकणारा. दमणी म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी. मोटार आल्यापासून ती महिन्यातून दोनदा निघायची, तीही बायकांना देवळात न्यायला. म्हाताऱ्याला घरदार नव्हतं, गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचा. मोटारीकडे तो सवतीकडे बघावं तसा बघायचा, आणि मीही त्याला चिडवायची संधी सोडत नसे.

एक दिवस मात्र तो स्वतःहून जवळ आला. "मायाप्पा, हिचं जू कुटं हाय रं?"

"जू नसतंय मामा हिला."

"मग वडती कशी? जोर कुटनं येतोय?"

कुणी मोटारीचं विचारलं की मला राहवत नाही. मी पायाखालची फळी उचलली आणि क्लच दाखवला. त्या काळी क्लचवर चामड्याचा पट्टा असायचा. तो इंजिनाच्या फिरत्या चाकात घट्ट बसला, की इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जायचा. हे कोंडीबाला कसं सांगणार? मी म्हटलं, "बैलाचा खांदा असतो न्हवं? तसा हा हिचा खांदा. सगळा भार ह्याच्यावर."

त्यानं वाकून बराच वेळ पाहिलं. "दुकत न्हाय व्हय?"

"दुकतो तर! मी गिअर टाकतो तवा इचारा त्याला," मी छाती फुगवून म्हणालो.

पुढे आठच दिवसांत बैलांचा सण, बेंदूर आला. बार्शीहून आबासाहेबांचे व्याही हिंदुराव सणाला आले होते. बैलांची मिरवणूक झाली, पुरणपोळ्या झाल्या, आणि पान खाता खाता आबासाहेब म्हणाले, "मायाप्पा, गाडी काढ. व्याह्यांना होटगीच्या रस्त्यानं जरा वारं खाऊ दे." स्वतः ते डिकीत बसले. व्याह्यांना वाऱ्याच्या वेगानं न्यायचं आणि त्यांची उडालेली गाळण मागून बघायची, हा त्यांचा बेत मला माहीत होता. मीही शर्टाच्या बाह्या वर केल्या.

गाव संपलं. मी दुसरा टाकला, गाडी जरा अडखळली. म्हटलं, चिखल असेल. तिसरा नेहमीसारखा फटक्यात टाकला, क्लच सोडला, पाय दाबला. इंजिन असं किंचाळलं, की झाडावरची पाखरं उडाली. गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली. पुन्हा दुसऱ्यात आलो, पुन्हा तिसरा, आणखी जोरात. पुन्हा तेच. आरडाओरडा सगळा इंजिनाचा, आणि चाकं आपली वरातीला निघाल्यासारखी.

मागून एक टांगा आला, आमच्या बरोबरीनं चालला आणि पुढे गेला. जाता जाता टांगेवाला वाकून म्हणाला, "धक्का मारूं क्या, साब?"

हिंदुराव पोट धरून हसले. "आबासाहेब, घशानं लई पळतीया की हो तुमची गाडी! चाकानं जरा कमी."

तसेच रखडत घरी परत आलो. व्याही आत गेल्यावर आबासाहेबांनी मला थांबवलं. "नवी गाडी हाय मायाप्पा. तीन म्हैने न्हाय झालं. गिअर टाकतोस, का मेंढरामागं दगड टाकतोस? तुझ्या दांडगाईनं क्लच खाल्ला. उद्या दुपारपर्यंत काय बिघडलंय त्ये सांग, न्हायतर किल्ली ठेव आन् आपल्या गावाची वाट धर."

मेंढरांचं नाव काढलं ते फार झोंबलं. पण खरं भय वाटलं ते गावाचं. मोटारीवाचून मी कोण? भाऊ हातात काठी देईल आणि गालातल्या गालात हसेल, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं.

सकाळी उजाडताच फळी उचलली. चामडं जळलं असेल, करपल्याचा वास येईल, अशी मनाची तयारी केली होती. वास आला तो करडईच्या तेलाचा. बोट आत घातलं, तर ते पिवळंधमक होऊन बाहेर आलं. हळद! सबंध पट्टा तेलानं न्हाऊन निघाला होता. मग तो घसरणार नाही तर काय करणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळद-तेल गोठ्यात असतं आणि गोठ्यात असतो कोंडीबा. म्हाताऱ्यानं दावा साधला! ते पिवळं बोट तसंच उभं धरून मी गोठ्यात शिरलो. कोंडीबा नवाकोरा पटका बांधून बैलांना कडबा घालत होता. बेंदराला बैलांच्या खांद्यांना हळद-तेल चोळणाऱ्या, म्हणजे खांदेमळणी करणाऱ्या गड्याला आबासाहेब दरसाल पटका देत.

मी तोंड उघडायच्या आत त्याची नजर माझ्या बोटावर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. "का रं, गुण आला का हिला?"

"कशाचा गुण?"

"आरं, बेंदराच्या आदल्या सांजंला बैलांचं खांदं मळलं. वाटीत तेल उरलं. म्हनलं, सगळ्यास्नी सण, आन् ही एकटी हुबी हाय दारात. तूच म्हनलास न्हवं, खांदा दुकतो म्हून? तू जेवाय गेला व्हतास. फळी उचलली आन् बोटं घालून चांगलं चोळलं. बैलांसंगं हिलाबी आवतण दिलं, उद्या जेवाय ये म्हून." मग तो जरा ओशाळला. "पोळी ठिवली व्हती हिच्या म्होरल्या टोपणावर. ती कुत्र्यानं नेली."

उभं धरलेलं बोट मी हळूच खाली घेतलं. असं माझ्या आयुष्यात दोन-तीनदाच झालं असेल. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटली. रोज मोटार पुसणारा मी, पण सणाला तिची आठवण झाली ती ह्याला. "आला की गुण," एवढंच म्हणून मी बाहेर पडलो.

पेट्रोलनं पट्टा धुतला. किराण्याच्या दुकानातून मुलतानी माती आणली, बायका केसांना लावतात तीच, आणि उरलंसुरलं तेल शोषायला ती पट्ट्यावर भुरभुरली. पेठेतून एक फेरी मारली. तिसरा टाकला, गाडीनं अशी उसळी घेतली की मी एकटाच ओरडलो, "शाब्बास!"

दुपारी आबासाहेबांनाही एक फेरी मारून आणली. ते खुशीत उतरले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "झ्याक. आता सांग, काय झालं व्हतं?"

खरं सांगितलं तर मी वाचत होतो. पण दमणी विकायच्या गोष्टी घरात चालल्याच होत्या. आबासाहेबांचं डोकं फिरलं तर म्हाताऱ्याला काढायला आणखी निमित्त कशाला हवं? आणि त्याला तर वाट धरायला गावही नव्हतं.

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "दांडगाईनं गिअर टाकत हुतो." हे शब्द मला किती बोचले म्हणून सांगू! सबंध सोलापुरात नंबर एकचा ड्रायव्हर, आणि हे बोलतोय. मनात होतं, कबूल केल्यावर मालक विरघळतील.

मालक विरघळले नाहीत. "म्हंजी म्या बोललो त्येच खरं. किल्ली ठेव."

मी किल्ली ओट्यावर ठेवली.

एवढ्यात कोंडीबा आला. रामराम घालून म्हणाला, "आबासाहेब, बैलांच्या खांदेमळणीचा पटका पावला. मोटारीच्या खांदेमळणीचं काय? पटका नको, येक टोपी दिली तरी चालंल."

मी त्याला डोळ्यांनी दटावलं, भुवया उडवल्या, मान हलवली. तो माझ्याकडे बघून काळजीनं म्हणाला, "डोळ्यात काय गेलं का रं?"

"मोटारीची खांदेमळणी?" आबासाहेबांनी विचारलं. मग सगळंच बाहेर आलं. वाटी, करडईचं तेल, आवतण, कुत्र्यानं नेलेली पोळी. आबासाहेब ऐकत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी ताडलं आणि कोंडीबाला सांगितलं, की त्या तेलानंच काल मोटारीचा खांदा घसरला.

कोंडीबाचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजी म्या बिघाडली व्हय तिला?" त्यानं पटका काढला आणि माझ्या किल्लीशेजारी ठेवला. "तीस वरसं बैलाच्या अंगावर वळ उटू दिला न्हाय मी. आन् ही नवी..." मला तर रडूच आलं.

आबासाहेब उठले. तो पटका त्यांनी आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवला. "ऱ्हाऊ दे. तीन म्हैने हुत आलं गाडी येऊन. सगळ्या पेठेनं इचारलं, किती पळती म्हून. कुटं दुकतंय, हे इचारनारा तू एकलाच."

झालं, माझं डोकं पुन्हा फिरलं. "आन् मी? मी काय तिचा वैरी हाय? जीव लावलाय मी तिला!"

"तू गप. माज्या तोंडावर खोटं बोललास." पण हसू काही त्यांना लपवता येईना. त्यांनी किल्ली उचलून माझ्या अंगावर फेकली. "सकाळी सहाला गाडी काढ. व्याह्यांना बार्शीला सोडायचं हाय. आन् गिअर दमानं टाकायचा."

"व्हय जी," मी म्हणालो. तेही खोटंच होतं.