आईंनी दाबलेलं 'नाही'

सकाळपासून स्क्रीनवर तोच गोल फिरत होता आणि त्याखाली तीच ओळ : 'फोनशी जोडणी होण्याची वाट पाहत आहे.' वाट पाहत आहे म्हणे! इथे माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

शाळेच्या बसचं अॅप. कॉम्प्युटरमधल्या नकली फोनवर शहाण्यासारखं चालायचं, खऱ्या फोनवर नकाशा उघडला की पांढरंफटक. आत काय बिघडलंय ते दाखवणारं टूल म्हणजे डीबगर, आणि तोच फोनला जोडला जात नव्हता. बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे माझं पहिलं काम. दुपारच्या कॉलपर्यंत दोष सापडला नाही तर ते टीममधल्या चष्मिशकडे जाणार, असं टीमलीडनं गोड आवाजात सांगून ठेवलेलं.

केबल बदलली. राउटर बंद करून चालू केला. शेवटी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"तू वायफायला काही केलंस का?"

"मी? मी घरी आलो, जेवलो, झोपलो."

"खरं सांग."

"अगं, पासवर्ड आठवत नाही मला, बदलणार कुठून?"

मांडीवर लेक. तिला दात येतायत, माझ्या बाहीचा चोथा करून झाला होता. तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला. ती ठीक होती. तापला होता तो फोन.

"आई, या फोनला कुणी हात लावला होता का?"

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "कोण लावणार? काल हिचे कपडे बदलायला आत गेलीस तेव्हा तूच माझ्या हातात देऊन गेलीस."

"मग?"

"मग त्यानं काहीतरी विचारलं. घरातली बाकीची यंत्रं शोधू का, जोडू का. मी दाबलं 'नाही'."

"आई!"

"ओरडतेस काय? त्या फसवणुकीच्या फोननंतर तूच बजावलंस ना, फोननं काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं? चांगला चष्मा लावून वाचलं मी."

आता रागवायचं तरी कुणावर? हा फोन एकदाच विचारतो. नाही म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. सेटिंग्जमध्ये 'स्थानिक नेटवर्क' उघडलं. आमच्या अॅपसमोरचं बटण बंद. ते चालू केलं, अॅप पुन्हा सुरू केलं, आणि डीबगर जोडला गेला. दोष लगेच पुढ्यात : फोननं पालकांचं ठिकाण कळवण्याआधीच नकाशा ते मागत होता. ठिकाण कळेपर्यंत थांबायचं, अशी एक अट कोडमध्ये घातली. नकाशा उघडला.

तेवढ्यात कॉल वाजला.

"हे बघ, तुझ्यावर ताण नको म्हणून मी ते चष्मिशला देतोय," टीमलीड म्हणाला. "घरात लहान बाळ आहे."

"सर, सापडलं. हे बघा." मी फोन कॅमेऱ्यासमोर धरला. लेकीनं नेमका तेव्हाच भोंगा पसरला. माइक बंद केला नाही. केला असता तर तो पुढच्या विषयावर गेला असता.

"अरे वा. मग एवढा वेळ कशाला लागला?"

आई दारातून डोकावत होत्या.

"जोडणीची परवानगी बंद राहिली होती, सर. माझ्याकडून."

"एवढंच?"

एवढंच! सगळी सकाळ त्यात गेली होती.

"बरं, ठेव तुझ्याकडे. पण चष्मिश एकदा नजर टाकेल हं."

"चालेल," मी दात-ओठ खात म्हटलं आणि कॉल ठेवला.

"दिलं का रे देवा एकदाचं काम?" आईंनी विचारलं.

"दिलं. वर पहारेकरी बसवून."