पांढरं कार्ड

सुकीच्या पोटावरून टेप गुंडाळता गुंडाळता जयमाला सिस्टरांचं लक्ष दाराकडे गेलं.

"हा कोण?"

"माझा नवरा. चैत्या. होळीला आला बोटीवरून."

सिस्टरांचा हात थांबला. तलासरीजवळच्या त्या उपकेंद्रात त्यांना नऊ वर्षं झाली होती. चेहरा त्या विसरत नसत.

"मग कार्तिकात रक्त दिलं तो कोण?"

"लडक्या. माझा दीर. हा पोरबंदरला होता ना."

सुकीने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की सिस्टरांना रागावताही येईना. तेव्हा सुकीला तिसरा महिना लागला होता. तिच्या रक्तात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अंश निघाला, म्हणून तिला पिवळं कार्ड मिळालं. सिस्टरांनी बायांसमोर सुपात वालाचे चार दाणे मांडून दाखवलं होतं: आई आणि बाप दोघांच्या रक्तात हे असलं, तर चारातलं एक मूल आजारी निघू शकतं. पाड्यावरच्या भिकीच्या पोरासारखं. सांधे धरून रात्रंदिवस रडणारं. म्हणून नवऱ्याचं रक्त तपासायचं, आणि लवकर. नवरा आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस, असंही वर दरडावलं होतं.

मग सुकीने लडक्याला आणलं. नाव विचारल्यावर तिनेच चैत्या सांगितलं. अहवाल स्वच्छ आला. पांढरं कार्ड देताना सिस्टर म्हणाल्या होत्या, सुटलीस बाई.

"अगं, दिराचं रक्त कसं चालेल?"

"तुम्हीच सांगितलं ना, आईबापाचं पोरात येतं. दोघं एकाच आईबापाचे. मग रक्त निराळं कसं?"

एका भावात उतरतं, दुसऱ्यात नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. नऊ वर्षं तोच धडा, तेच दाणे, आणि हे कधी सुचलंच नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

त्यांनी चैत्याच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब टाकलेलं नळीतलं पाणी पाच मिनिटांत गढूळ झालं; म्हणजे त्याच्यातही अंश होता. पक्का अहवाल यायला आठ दिवस लागले. त्याचंही कार्ड पिवळं.

"आता?" चैत्याने विचारलं.

"बाळ झालं की त्याचं रक्त तपासू. निघालं तर गोळ्या आहेत. ताप आला की लगेच आणायचं, घरी बसायचं नाही."

चैत्या मान खाली घालून बाहेर जाऊन उभा राहिला. सुकी मात्र बाकावरून उठली नाही.

"बाई, कार्तिकातच कळलं असतं तर?"

तेव्हा कळलं असतं तर मुंबईला पाठवता आलं असतं. पोटातल्या बाळाचं रक्त तिथे तपासतात. ठेवायचं की नाही, हे सुकीला ठरवता आलं असतं. आता गर्भपाताची कायद्यातली मुदत कधीच उलटून गेली होती. सिस्टरांनी टेबलावरचे दाणे डब्यात भरले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हाही हेच सांगितलं असतं."

सुकीचा जीव भांड्यात पडला. तिने पदराची गाठ सोडून, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं पांढरं कार्ड काढलं.

"मग हे लडक्याला द्या. वैशाखात लगीन आहे त्याचं."

सिस्टरांनी पेन घेतलं. चैत्याचं नाव खोडलं, वर लडक्याचं लिहिलं, आणि पुढच्या बाईला हाक मारायला त्यांना बराच वेळ लागला.