उजवीकडचा ठिपका

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दिवेबाबांनी समोर बसलेल्या ताईच्या मेंदूच्या स्कॅनची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, आणि कानशिलापाशी एक पांढरा ठिपका चमकला.

"ही ज्योत. हिची लेक कुठे गेली म्हणता? ही काय, आईच्या डोक्यात बसली आहे. एकवीस दिवस नुसतं पाणी. मग ज्योत वाढेल, पोर समोर येऊन बोलेल."

लोकांचे डोळे पाणावले. चमत्कार यंत्रातच उमटला म्हटल्यावर शंका कोण काढणार?

उपासाचा आज नववा दिवस होता. ताईच्या अंगावर कपडे लोंबत होते. तिचा धाकटा भाऊ मागे भिंतीला टेकून उभा होता. दवाखान्यात स्कॅन काढणारा तोच, आणि ही फिल्म हौसेने तिला देणाराही तोच. तिथे धडधाकट माणसांच्या मेंदूचा अभ्यास चालला होता. ज्यांना नसलेली हाक ऐकू येते, साध्या योगायोगात खुणा दिसतात, अशांचा. ताईला दोन वर्षांपूर्वी वारलेल्या लेकीची हाक ऐकू येत होती, म्हणून त्यानेच तिचं नाव सुचवलं होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याला आता वाटत होतं.

तो पुढे गेला आणि स्वतःची फिल्म बाबांच्या हातात दिली. "माझ्यात दोन ज्योती आहेत. कोणाकोणाच्या ते सांगा."

बाबांनी डोळे मिटले. "आईवडील. दोघांनाही मुक्ती मिळाली आहे."

"वडील गेले, खरं आहे. आई मात्र बाहेर पायरीवर बसली आहे. बोलावू?"

सभागृहात खसखस पिकली. त्याने खिशातून माशाच्या तेलाची पिवळी गोळी काढली. "फिल्मवर उजवी बाजू कळावी म्हणून आम्ही ही कानशिलावर चिकटवतो. तेल पांढरं उमटतं. ताईला एक लावली होती. मी मुद्दाम दोन लावून घेतल्या."

बाबांनी फिल्म खाली ठेवली. सगळे हसत होते, एक ताई सोडून.

"मग ती हाक?" तिने विचारलं.

"तुझ्याच मेंदूतून येते. तू वेडी नाहीस, ताई. अशा शेकडो जणांच्या मेंदूंची मापं घेतली, तर सरासरीत कुठे केसभर फरक निघतो. एकट्याच्या फिल्मवर तोही ओळखता येत नाही. तिथे लेक कुठून असणार?"

भाचीला आपण दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून आलो, असं त्याला वाटलं.

ताई गोळीकडे बघत राहिली. "ती बूट नेहमी उलटे घालायची. उजव्या बुटावर तूच ठिपका काढून द्यायचास."

"हो."

"तोही पांढराच होता."

बाहेर आईने तिला कोमट दूध पाजलं. दोन घोट पोटात गेले आणि ताई हमसून हमसून रडली, लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.

खरं कळल्याने दुःख हलकं होत नाही. पण गेलेल्यासाठी रडावं, उपाशी मरू नये. आणि कुणी काळ्या फिल्मवर देव दाखवला, तर आधी ती फिल्म काढणाऱ्याला विचारावं.